मुळं पांढरी निघाली

कुवेतच्या तेलविहिरींच्या आगी विझून काही हंगाम लोटले होते. तेलाने माखलेल्या वाळवंटाच्या कडेकडेला हिरवी झुडपं दिसू लागली होती. कोणी लावलेली नव्हती, कोणी पाणी घातलेलं नव्हतं. कुवेत विद्यापीठातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ समीर रदवान आणि त्यांचे सहकारी तिथे फिरत होते. त्यांनी ती झुडपं मुळासकट उपटून पाहिली. सूर्यफुलाच्या कुळातली, सेनेसिओ ग्लॉकस नावाची रानटी वनस्पती. भोवतीची वाळू तेलाने काळी, जमिनीलगतचं खोडही काळवंडलेलं. मुळं मात्र पांढरी आणि स्वच्छ निघाली.

मुळांना चिकटलेली वाळू त्यांनी प्रयोगशाळेत नेली. तिच्यात तेल खाऊन जगणारे जिवाणू दाटीने सापडले. झाड त्या वाळूत नुसतं तग धरून नव्हतं. मुळांतून झिरपणाऱ्या साखरेवर आणि आम्लांवर त्याने एक फौज पोसली होती आणि ती फौज मुळांभोवतीचं तेल फस्त करत होती. १९९५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात हे निरीक्षण छापून आलं. जेमतेम पानाभराचा मजकूर. आखाती वाळवंटातली माती झाडांकडून साफ करून घेण्याची जी कहाणी मला सांगायची आहे, ती या पानापासून सुरू होते. ती घडते मात्र थोडी दक्षिणेला, कतारमध्ये, दोह्याला पश्चिमेकडून लागून पसरलेल्या अल रय्यानच्या परिसरात.

त्या आगींची आठवण मराठी घरांनाही आहे. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या, तेव्हा तिथे दीड लाखाहून अधिक भारतीय होते आणि त्यांत कोकणातली, मुंबईतली कितीतरी माणसं होती. अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी त्यांना परत आणलं. मागे राहिलेल्या देशात पुढच्या फेब्रुवारीत, माघार घेताना, सहाशेहून अधिक विहिरी पेटवल्या गेल्या. शेवटची विहीर बंद झाली ६ नोव्हेंबर १९९१ ला. तोवर आकाशातून काजळी आणि तेलाचे थेंब पडत राहिले, वाळूशी मिसळून घट्ट झाले आणि कुवेतच्या सुमारे पाच टक्के भूभागावर डांबरी रस्त्यासारखा थर बसला. फुटलेल्या विहिरींतून वाहिलेल्या तेलाची शेकडो तळी साचली. उत्तरेचा वारा तो धूर बहरीनपर्यंत, कतारपर्यंत घेऊन आला.

कतारी लोकांच्या भाषेत धूर म्हणजे ‘दुखान’. त्यांच्या देशातलं पहिलं तेल ज्या गावी लागलं त्या गावाचं नावही दुखानच. पश्चिम किनाऱ्यावरचं हे गाव २०१४ पर्यंत अल रय्यान नगरपालिकेच्या हद्दीत होतं. त्या वर्षी अल शहानिया ही नवी नगरपालिका वेगळी निघाली आणि दुखान तिच्याकडे गेलं. १९३५ साली अँग्लो-पर्शियन कंपनीशी करार झाला, १९३८ मध्ये खोदाई सुरू झाली, दोनेक वर्षांत तेल लागलं. मोत्यांचा धंदा बसल्यामुळे उपासमार सोसणाऱ्या देशाला तो मोठा दिलासा होता. पण महायुद्ध आलं आणि १९४२ मध्ये विहिरी बुजवून टाकाव्या लागल्या. पहिलं जहाज तेल घेऊन निघालं ते ३१ डिसेंबर १९४९ ला, पूर्व किनाऱ्यावरच्या उम्म सईद बंदरातून. दुखानहून तिथवर तेल नेणारी नळवाहिनी द्वीपकल्प आडवं कापून जात होती.

तेल निघतं तिथे जमिनीवर काय सांडतं, हे त्या काळात कोणी मोजत नव्हतं.  विहिरीतून तेलाबरोबर खारं पाणी वर येतं, जुन्या विहिरीतून तर तेलापेक्षा पाणीच जास्त. त्यात तेलाचा अंश असतो, धातू असतात. पुढे याच देशात वायूचे, खतांचे, पोलादाचे कारखाने उभे राहिले आणि त्यांच्या आसपासच्या मातीत निकेल, क्रोमियम, कॅडमियम, शिसं ही नावं येऊ लागली.

आता अल रय्यानच्या मातीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय इथल्या झाडांची करामत कळणार नाही. ‘रय्यान’ या शब्दाचा अर्थ पाण्याने तृप्त झालेला. इस्लामी परंपरेत स्वर्गाच्या एका दरवाजाचं हे नाव आहे, रोजे करणाऱ्यांसाठी राखलेल्या. वर्षाला सरासरी पाऊणशे-ऐंशी मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात असं नाव का पडावं? आपल्याकडे माण-खटावलाही याच्या पाचपट-सहापट पाऊस पडतो. उत्तर इथल्या जमिनीच्या उतारात आहे. चुनखडकाच्या या सपाट देशात अधूनमधून उथळ खोलगट जागा आहेत. पाऊस पडला की आजूबाजूचं पाणी वाहत येऊन त्यांत साचतं, सोबत बारीक गाळ आणतं. या जागांना ‘रौदा’ म्हणतात, म्हणजे बाग. रौदत राशिदसारखी गावांची नावं त्यावरूनच पडली. रौद्यात चांगली माती असते आणि तिथेच सिद्र वाढतो, म्हणजे आपल्या बोरीचा सख्खा भाऊ. घाफ वाढतो, तो तर आपली शमीच. दसऱ्याला आपण ज्यांची पूजा करतो, तीच झाडं वाळवंटात बदूंच्या उंटांना सावली देत उभी असतात.

पण पाणी ज्या वाटेने येतं त्याच वाटेने घाणही येते. रौद्यात गाळ साचतो तसं रस्त्यावरचं तेल, कारखान्याची धूळ, सांडपाण्यातलं मीठही साचणार. जिथे सगळ्यात सुपीक माती, तिथेच सगळ्यात जास्त विष येऊन बसण्याची भीती. या देशाला शेतीयोग्य माती मुठीएवढी मिळाली आहे. म्हणून इथे माती साफ करण्याचा प्रश्न मला शोभेचा वाटत नाही.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत दोहा झपाट्याने वाढला आणि सांडपाणी त्याहून झपाट्याने. ते जायचं कुठे? शहराबाहेर, अल रय्यानच्या उघड्या वाळवंटात. अबू नखला इथे शुद्धीकरण केंद्रातून निघालेलं जादा पाणी सोडलं जाई. तिथे वर्षानुवर्षांत मोठं तळं झालं. त्याहून दक्षिणेला अल करआना इथे टँकरच्या रांगा लागत आणि कसलीही प्रक्रिया न झालेलं सांडपाणी ओतून परत जात. वाळवंटात पाणी दिसलं की जीव धाव घेतो, मग ते पाणी कसलंही असो. काठाने देवनळ उगवले, आपल्याकडे नदीकाठच्या दलदलीत असतात तसेच, माणसाच्या दुप्पट उंचीचे. मग बदकं आली, बगळे आले, स्थलांतर करणारे पक्षी थांबू लागले. पक्षीनिरीक्षकांच्या वह्यांत अबू नखला हे नाव मानाने लिहिलं जाऊ लागलं.

देवनळाचं पोकळ कांडं जवळून पाहण्यासारखं असतं. उभं चिरलं तर आत पेरापेराला पातळ पडदे दिसतात आणि मधे नुसती हवा. ही हवा पानांपासून खाली चिखलातल्या आडव्या खोडापर्यंत पोचते, मुळांतून थोडी बाहेर झिरपते. सडक्या, गुदमरलेल्या चिखलात मुळांच्या भोवती केसभर रुंदीचा प्राणवायूचा पट्टा तयार होतो. त्या पट्ट्यात जिवाणूंची दाटी होते आणि ते सांडपाण्यातली घाण, तेलाचे रेणू तोडत बसतात. रदवान यांना कोरड्या वाळूत जे दिसलं, तेच इथे ओल्या चिखलात चालतं. झाड घर देतं, हवा देतं, खाऊ देतं. तोडफोड जिवाणू करतात.

अबू नखलाचं तळं पुढे रिकामं करण्यात आलं. अल करआनाची तळीही कतारच्या सार्वजनिक बांधकाम प्राधिकरणाने, म्हणजे अशगालने, अलीकडच्या वर्षांत उपसली, दूषित गाळ काढला आणि त्यातल्या एका जागी शुद्ध केलेलं पाणी भरून पक्ष्यांसाठी सरोवर केलं. हे काम मोठं आहे आणि गरजेचं होतं. मूळ उपसा मात्र यंत्रांनी झाला, हेही सांगायला हवं. देवनळाच्या बेटांनी तिथे आपण होऊन जेवढं केलं असेल, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही याची मला हळहळ वाटते.

याच नळांवर विश्वास टाकून शेजारच्या ओमानने फार मोठं पाऊल उचललं. दक्षिणेकडच्या निम्र तेलक्षेत्रात एक पिंप तेलामागे दहाएक पिंपं पाणी वर येतं. ते खोल विहिरींत दाबून भरायला प्रचंड वीज लागे. २०१० नंतर तिथे बाउअर या जर्मन कंपनीने साडेतीनशे हेक्टरहून अधिक जागेवर देवनळाची शेतं बांधली. पाणी उतारावरून स्वतःच्या वजनाने एका वाफ्यातून दुसऱ्यात जातं, नळांच्या मुळांतून गाळलं जातं, तेल जिवाणू खातात आणि शेवटी खारं पाणी उघड्या तळ्यांत वाळतं. पंपाची गरज फार थोडी. भर वाळवंटात हिरव्या वाफ्यांच्या रांगा आणि वर उडणारे पक्षी, असं ते दृश्य आहे.

इथपर्यंतची गोष्ट तेलाची. तेल तुटतं, त्याचे रेणू फुटून शेवटी हवा-पाणी होतात. धातूंचं तसं नाही. शिशाचा अणू शिशाचाच राहतो, जिवाणूने कितीही चावला तरी. म्हणून धातूंसाठी झाडाकडून वेगळं काम घ्यावं लागतं आणि त्या कामाचा शोधही वेगळ्या वाटेने लागला.

सोळाव्या शतकात इटलीतल्या चेझाल्पिनो या वनस्पतिज्ञाने टस्कनीतल्या काळसर खडकांवरच उगवणाऱ्या एका चिमुकल्या झाडाची नोंद केली होती. इतर झाडं जिथे खुरटतात तिथे हे फुलत होतं. कारण कळायला साडेतीनशेहून जास्त वर्षं गेली. १९४८ मध्ये मिंगुत्सी आणि व्हेर्न्यानो या फ्लॉरेन्सच्या दोघांनी त्या झाडाची राख तपासली, तर ती निकेलने भरलेली. मग १९७६ मध्ये प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या एका झाडाची हकिकत प्रसिद्ध झाली. त्याची साल खरवडली की निळसर-हिरवा चीक येतो आणि तो वाळवला की त्यात चौथा हिस्सा निकेल निघतो. १९८३ मध्ये अमेरिकेतले मृदाशास्त्रज्ञ रूफस चॅनी यांनी सुचवलं की अशी झाडं विषारी जमिनीत पिकासारखी पेरावीत, कापावीत, पुन्हा पेरावीत आणि मातीतला धातू हंगामाहंगामाने बाहेर काढावा. झाडांकडून माती साफ करून घेण्याच्या विद्येला नाव मिळालं ते त्यानंतर, नव्वदच्या दशकात.

ही सगळी झाडं मात्र पावसाळी देशांतली. पंचेचाळीस अंश तापमानात, खाऱ्या वाळूत, थेंबभर पाण्यावर ती आठवडाभर जगणार नाहीत. कतारमधल्या संशोधकांना आपल्याच अंगणात शोधावं लागलं. कतार विद्यापीठातल्या रोदा अल-थानी आणि बसाम यासीन यांनी देशातल्या रानटी वनस्पतींचा अभ्यास याच दृष्टीने केला आणि २०२० साली दूषित माती-पाण्यासाठी स्थानिक वनस्पती कशा वापरता येतील याचा आढावा प्रसिद्ध केला. त्याच विद्यापीठातल्या कमाल उस्मान, मोहम्मद अल-घौती आणि मोहम्मद अबू-दियेह यांनी एकाच झुडपावर नजर रोखली. ते झुडूप म्हणजे हर्म.

हर्मकडे कोणी वळून पाहत नाही. अल रय्यानमध्ये बांधकामासाठी मोकळ्या सोडलेल्या प्लॉटवर, रस्त्याच्या कडेला, खडीच्या ढिगाऱ्यात ते गुडघ्याएवढं उभं असतं. पानं म्हणजे जाडसर, फुगलेल्या हिरव्या गोळ्या, एका देठावर दोन-दोन. चिमटीत धरून दाबली तर खारट पाणी निघतं. उन्हाळा वाढला की झाड पानं टाकून देतं आणि काड्यांवर जगतं. उंटही दुसरं काही मिळालं तर याला तोंड लावत नाहीत. शास्त्रीय नावातच कतार आहे, टेट्राएना कतारेन्सिस. मराठी वाचकाला त्याची ओळख सोपी करून द्यायची तर हे आपल्या गोखरूच्या कुळातलं. तोच गोखरू, ज्याचे काटे माळरानावर अनवाणी पायांत मोडतात आणि जो वैद्याच्या काढ्यातही पडतो.

उस्मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हर्मची कॅडमियम, क्रोमियम, तांबं आणि निकेल सोसण्याची आणि साठवण्याची ताकद तपासली, पुढच्या वर्षी शिशाची. हर्म हे धातू उचलतं आणि मरत नाही, असं त्यांना दिसलं. शिसं ते मुख्यतः मुळांतच धरून ठेवतं. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वाळवंटात विष पसरतं ते वाऱ्याने. शमाल, म्हणजे तोच उत्तरेचा वारा, सुटला की उघडी माती उडते आणि तिच्यातलं शिसं माणसांच्या फुप्फुसांत, शाळेच्या मैदानावर, घराच्या खिडकीत येऊन बसतं. झुडपाने शिसं मुळांत अडकवलं आणि मुळांनी वाळू धरून ठेवली, तर जमीन पूर्ण शुद्ध झाली नाही तरी विष जागच्या जागी बांधलं गेलं. खारी माती, उष्णता, दुष्काळ आणि धातू, चौघांशी एकाच वेळी झगडणारं झाड बाहेरून आणून मिळत नाही.

याला मर्यादा आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. झाड मुळांच्या खोलीपर्यंतच पोचतं. त्याला वर्षं लागतात, बांधकामाचा कंत्राटदार महिन्यांचा हिशेब करतो. पानांत धातू चढला तर ते झाड कापून न्यायला हवं, नाहीतर पानं गळून विष पुन्हा मातीत, किंवा उपाशी उंटाच्या पोटात आणि तिथून दुधात. कापलेल्या काडीकचऱ्याची वेगळी व्यवस्था लावावी लागते. आणि तेलाचं प्रमाण फार असेल तिथे झाड उगवतच नाही. कुवेतमध्येही झुडपं तेलतळ्यांच्या कडेलाच आली होती, मध्यात नाही. युद्धाची भरपाई ठरवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने कुवेतच्या पर्यावरणासाठी अब्जावधी डॉलर मंजूर केले. इराकने सगळी भरपाई फेडून संपवली २०२२ मध्ये, पण तेलमाखली माती उपसण्याचं काम त्यानंतरही उरलंच.

महाराष्ट्रात या विद्येचा धडा आपण वेगळ्या मातीवर गिरवला. नागपूरच्या नीरी संस्थेत आशा जुवारकर यांनी सावनेरजवळच्या गुमगावच्या मॅंगनीज खाणीचे आणि चंद्रपूरकडच्या पद्मापूर कोळसा खाणीचे उघडेबोडके ढिगारे हिरवे केले. नुसती रोपं लावून ते झालं नसतं. त्या ढिगाऱ्यांत माती म्हणावं असं काही उरलंच नव्हतं. त्यांनी साखर कारखान्यातून निघणारा प्रेसमड घातला, मुळांशी मैत्री करणारे जिवाणू आणि बुरशी घातल्या आणि मग साग, शिसव, कडुनिंब लावले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात संजय गोविंदवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कापड रंगवण्याच्या कारखान्यांतून निघणाऱ्या रंगीत पाण्यावर झेंडू, पाणकणीस अशी साधी झाडं लावून पाहिली आणि ती रंगाचे रेणू तोडतात हे दाखवलं. इचलकरंजीच्या माणसाला त्या पाण्याचा रंग वेगळा सांगावा लागत नाही.

सावनेरच्या ढिगाऱ्यावर आणि कुवेतच्या वाळूत एकच गोष्ट दिसते. झाड एकटं काही करत नाही. मुळाला चिकटलेल्या मूठभर मातीत जे राहतात ते करतात. खोरं घालून ती माती उचलली, झाकली, सिमेंटखाली गाडली की ते कामगारही गेले.

अल रय्यानमध्ये एज्युकेशन सिटीत कुराणिक बोटॅनिक गार्डन आहे. कुराणात आणि हदीसमध्ये आलेल्या वनस्पती तिथे जपल्या जातात. सिद्र तर कतार फाउंडेशनचं बोधचिन्हच आहे. तिथून थोडं बाहेर पडलं की मोकळ्या प्लॉटवर हर्म असतं आणि प्लॉट विकला गेला की पहिल्या दिवशी बुलडोझर त्याच्यावरून जातो. या शहरात आज हजारो मराठी माणसं आहेत. त्यांत अभियंते आहेत, साइट सुपरवायझर आहेत, बागकामाच्या कंत्राटांवर आलेले आहेत. प्लॉट साफ करण्याचा कागद कधीतरी त्यांच्यापैकी कोणाच्या तरी टेबलावर येतोच. जुन्या वर्कशॉपची जागा असेल, टँकर उभे राहत असतील, जमिनीवर तेलाचे डाग असतील आणि तरीही मधेच हर्मचं झुडूप हिरवं असेल, तर यंत्र आणण्याआधी मातीचा एक नमुना तपासायला द्या आणि ते झुडूप मुळासकट काढून मुळं एकदा नीट पाहा.